जुन्या आयमॅकला बाहेरून एसएसडी लावून वेग येतो का? साध्या पीसीचं काय?

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, यात्रेची हँडबिलं, मंडळांची पावती पुस्तकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. दुकानात दोन मशिनं. एक आयमॅक, २१.५ इंची, २०१५ अखेरचं मॉडेल, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. पुण्याच्या एका स्टुडिओनं मशिनं बदलली तेव्हा घेतलेला. दुसरा जुना असेंबल्ड पीसी, त्याला जुन्या फॉन्टचं लॉक लावलेलं आणि पेजमेकरच्या सगळ्या जुन्या फायली त्यातच.

पीसीचं राहू दे, तो त्याच्या चालीनं चाललाय. दुखणं आयमॅकचं आहे. बटण दाबायचं, समोर चहा सांगायचा, पिऊन परत यायचं, तरी पट्टी अर्ध्यावरच. इलस्ट्रेटर उघडला की रंगीत भोवरा फिरत बसतो. गिऱ्हाईक स्टुलावर बसून "एक वेलांटी तेवढी बदला की ओ" म्हणतंय, आणि आपण दोघंही भोवऱ्याकडं बघत बसायचं. लग्नसराई तोंडावर आलीय.

रिपेरीवाला म्हणतो, आतली डिस्क बदलायची तर स्क्रीन कापून काढावी लागेल, तडा गेला तर जबाबदारी तुमची. भाचा म्हणतो, यूएसबीला एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) लाव आणि त्यावरूनच चालव. बाहेरच्या डिस्कवर फायली ठेवतात हे माहीत आहे. अख्खं मशीन तिच्यावर चालतं का?

चिकोडी_एक्सप्रेस

वेलांटीसाठी समोर बसून राहणारं गिऱ्हाईक अजून आहे म्हणायचं! आमच्याकडं व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतात आणि छापून झाल्यावर "मामांचं नाव राहिलं" म्हणून येतात.

मलाही हवीय माहिती, म्हणून वाचत बसलोय.

मार्कंडेय_काठ

चालतं. आणि तुमच्या मॉडेलला तर तेच करावं असं माझं मत आहे.

आधी रोग कुठला ते बघा. २१.५ इंची आयमॅकमधली ती १ टीबी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी आहे. एक फेरा म्हणजे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद, आणि हेड जागेवर नेण्याचा वेळ त्याहून वेगळा. म्हणजे विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या तर ही डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच तुकडे देणार. मशीन सुरू होताना किंवा इलस्ट्रेटर उघडताना नेमक्या अशाच हजारो बारीक फायली लागतात. एकेका पत्रासाठी पोस्टमनला परत पोस्टात पाठवावं तसं ते चालतं. मोठा व्हिडिओ सलग वाचायला हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी देते, म्हणून लोकांना वाटतं डिस्क ठणठणीत आहे, प्रोसेसरच म्हातारा झाला.

दुसरं म्हणजे २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून मॅकची सिस्टिम हार्ड डिस्कवरसुद्धा एपीएफएस फॉरमॅट (डिस्कवर फायली मांडायची ॲपलची पद्धत) वापरते. तो फॉरमॅट एसएसडी डोळ्यांपुढं ठेवून केलेला. त्याच्या नोंदी डिस्कभर विखुरतात. एसएसडीला त्याचं काहीच नाही, फिरत्या डिस्कचा मात्र जीव जातो. त्याआधीच्या एल कॅपिटन आवृत्तीवर बरा चालणारा आयमॅक अपडेट केल्यावर मेला, असं लोक सांगतात त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

रॅम तुमच्या मॉडेलमध्ये बोर्डालाच डाखलेली आहे, वाढवता येत नाही. तेव्हा सुधारायला एक डिस्कच उरते.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

जुगाड आहे ओ हे. करायचं तर आतच बसवा. आतल्या सॅटाला (डिस्कची आतली जोडणी) साडेपाचशे एमबी मिळतंय, यूएसबीला चारशेच्या वर थोडं. परत ट्रिम, म्हणजे कुठली जागा पुसून मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं. मॅक यूएसबीच्या डिस्कला ट्रिमची आज्ञा देतच नाही. काही वर्षांनी लिहिण्याचा वेग पडतोय की नाही बघा. आणि टेबलावर केबल लोंबकळत ठेवून धंदा करायचा म्हणजे कधीतरी कुणाचा तरी हात लागणारच. मी २०१३ चा उघडलोय. गोल चाकाचं कटर मिळतंय, त्यानं कडेची पट्टी कापायची, नवी पट्टी लावायची, झालं.

मार्कंडेय_काठ

तुमचा हात बसलाय म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. २०११ पर्यंतच्या आयमॅकची काच चुंबकावर असायची, ओढली की निघायची. २०१२ अखेरपासून पातळ कडेचे आले, त्यात काच आणि पॅनेल एकजीव, चौफेर चिकटपट्टी. वरून काच जरा जास्त कलली तर खाली पॅनेलच्या पातळ वायरी ताणल्या जातात. लग्नसराईच्या तोंडावर दुकानातल्या एकुलत्या एक आयमॅकवर हा प्रयोग मी तरी सुचवणार नाही.

साडेपाचशे आणि चारशे हा फरक मोठी फाईल कॉपी करतानाच दिसतो. भोवरा फिरतो तो बारीक फायलींपायी, आणि तिथं हार्ड डिस्कपेक्षा दोन्ही रस्ते इतके पुढे आहेत की खुर्चीत बसलेल्या माणसाला फरक कळायचा नाही. ट्रिमचा मुद्दा मात्र खरा. उपाय इतकाच की डिस्क गच्च भरू द्यायची नाही. पाचवा हिस्सा मोकळा राहिला की आतला कंट्रोलर आपली साफसफाई करत राहतो.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

केबलचं काय ते सांगा की.

मार्कंडेय_काठ

डिस्क हलकी असते. आयमॅकच्या पायाच्या मागच्या बाजूला दुहेरी टेपनं चिकटवा आणि केबल आखूड घ्या. पोर्ट मागंच आहेत. समोर बसलेल्याला दिसणारही नाही.

लोंढा_जंक्शन

खरेदीबद्दल लिहितो, कारण पैसे तिथंच वाया जातात.

२०१५ च्या त्या आयमॅकचे यूएसबी पोर्ट ३.० आहेत, ५ गिगाबिटचे. आजकाल पाकिटावर १०५० एमबी, २००० एमबी असे आकडे असतात. ते १० आणि २० गिगाबिटच्या पोर्टवरचे. तुमच्या पोर्टवर सगळ्या डिस्का ४०० ते ४५० च्या आतबाहेरच चालणार. तेव्हा आकड्याचे पैसे देऊ नका, नामांकित कंपनी आणि वॉरंटीचे द्या.

थंडरबोल्टच्या (मॅकचा दुसरा वेगवान पोर्ट) नादी लागू नका. तुमच्या मशीनला थंडरबोल्ट २ आहे. आजच्या थंडरबोल्ट ३ च्या डिस्कला अडॅप्टर लागतो, आणि ॲपलच्या त्या अडॅप्टरमधून डिस्कला वीजच पोचत नाही. म्हणजे स्वतःचा वेगळा पॉवर असलेली महागडी पेटी घ्या. एवढ्या पैशात दुसरं काहीतरी होईल.

रस्ते दोन. तयार पोर्टेबल एसएसडी, किंवा अडीच इंची सॅटा एसएसडी आणि तिला यूएसबी ३ ची केस. दुसऱ्यात उद्या आयमॅक गेला तर तीच एसएसडी काढून पीसीत बसवता येते, म्हणून मला ते आवडतं. केस घेताना "यूएएसपी" (यूएसबीवरून डिस्कशी बोलायची नवी पद्धत) लिहिलंय का बघा. जुनी पद्धत एका वेळी एकच आज्ञा पाठवते, यूएएसपीत रांगेनं बऱ्याच जातात. बारीक फायलींना तिथंच फायदा आहे. एनव्हीएमईची (सॅटाहून वेगवान प्रकारची) डिस्क आणि केसही चालेल, पण ती जास्त तापते आणि तुमच्या पोर्टवर तिचा वेग वापरलाच जात नाही.

किमती सारख्या खाली-वर होतात, त्या विचारू नका. ५०० जीबी तुम्हाला पुरे. जुन्या फायली एसएसडीवर कशाला?

चिकोडी_एक्सप्रेस

ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दिसतीय, दोन बिर्याणीच्या पैशात. घेऊन टाकू काय?

लोंढा_जंक्शन

बिर्याणी खा.

त्या पेटीत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि आतला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतो. भरेपर्यंत सगळं गोड. खरी जागा संपली की नवं लिहिलेलं कुठंच जात नाही किंवा जुन्यावर लिहिलं जातं, आणि यादीत मात्र सगळ्या फायली दिसत राहतात. शंका असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री. हे प्रोग्रॅम सगळी जागा भरून परत वाचून बघतात. तपासायचं ते पहिल्याच दिवशी, डिस्क परत करायची मुदत असेपर्यंत.

खानापूरचे_गुरुजी

सर्वांना नमस्कार. चर्चा उपयुक्त आहे, म्हणून माझीही अडचण मांडतो. घरी असेंबल्ड पीसी आहे. एच६१ मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका, शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, एवढंच काम. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कसमोर कायम १०० टक्के. मीही बाहेरून एसएसडी लावू का? आतलं उघडायला लागू नये एवढीच इच्छा.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट फार जाते. त्याचा एसएसडीवर परिणाम होतो का, हेही सांगावं. आणि एसएसडी लवकर मरते म्हणतात, ते कितपत खरं?

मार्कंडेय_काठ

गुरुजी, तुम्हाला अगदी उलटं सांगते. बाहेरून लावू नका, आतच लावा.

एच६१ मध्ये यूएसबी ३ मुळातच नाही. इंटेलनं ते चिपसेटमध्ये २०१२ च्या ७ मालिकेपासून दिलं. काही बोर्डांवर वेगळी चिप बसवून दोन निळे पोर्ट असतात, मागं बघा. सगळे काळेच असतील तर ते यूएसबी २. तिथं सेकंदाला ३५–४० एमबीच्या वर काही जात नाही. शिवाय विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबीच्या डिस्कवर बसायला सरळ नकार देतो. विंडोज टू गो नावाची सोय होती, तीही मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या आवृत्तीत काढून टाकली. वळसे घालून करता येतं, पण हवं कशाला? तुमच्या कॅबिनेटला दोन स्क्रू आहेत. आयमॅकसारखं कापायचं काही नाही.

एच६१ चे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडी अर्ध्या वेगानं, २५०–२८० एमबीनं चालेल. वाईट वाटून घेऊ नका. आत्ताच्या डिस्कशी तुलना केली तर मशीन बदलल्यासारखं वाटेल.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

आता कसं बरोबर बोललात!

गुरुजी, एसएसडीला बसवायची पट्टी नसली तरी चालतंय. आत फिरणारं काही नाही, टेपनं चिकटवली तरी ती तक्रार करणार नाही. बघायचं काय, तर एसएमपीएसमधून (आतली वीजपुरवठ्याची पेटी) सॅटा पॉवरची चपटी पिन मोकळी आहे का. नसली तर चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून सॅटाची वायर मिळते. एक सॅटा डेटा केबल. बस्स. जुनी ५०० ची डिस्क काढू नका, फायलींना राहू दे.

मार्कंडेय_काठ

आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सॅटाचा मोड बघा. त्या काळात असेंबल करणाऱ्यांनी पुष्कळदा "आयडीई" वर ठेवलेला असतो. एसएसडीला "एएचसीआय" हवा. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर आधी मोड बदला, मग टाका. आहे तीच विंडोज ठेवून नुसता मोड बदललात तर निळा पडदा येईल. त्यासाठी आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायची सेटिंग करायची, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की सेटिंग परत काढायची.

क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करायला क्लोनझिला फुकट आहे, पण तो नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतो. तुम्ही ५०० वरून २५६ वर जाणार असाल तर आधी पार्टिशन लहान करावं लागतं. नव्यानं विंडोज टाकणं त्यापेक्षा सुटसुटीत.

मरण्याचं म्हणाल तर २५० जीबीच्या चांगल्या सॅटा डिस्कवर कंपनी १५० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी देते. रोज २० जीबी लिहिलं, आणि निकालपत्रकांनी तेवढं होणं अवघड आहे, तरी वर्षाला साडेसात टीबीसुद्धा होत नाही. वीस वर्षांची बेगमी झाली. पण एसएसडी जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी आधी टकटक करून जात नाही. एक दिवस दिसतच नाही. निकालाच्या फायली दुसरीकडं असूच द्या.

लाईटचं: घरच्या वापराच्या एसएसडीत वीज अचानक गेल्यावर हातातलं लिहून संपवण्याची सोय सहसा नसते. बहुतेक वेळा फाइल सिस्टिम सावरून घेते, पण रोजच्या झटक्यावर विसंबू नये. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. खानापुरात तर पावसाळ्याआधीच.

लोंढा_जंक्शन

गुरुजी, ४ जीबी रॅम तेवढी ८ करा. जुनी डीडीआर३ कुठंही मिळेल. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर लिहू लागते, तुमच्या त्या १०० टक्क्यांत याचाही वाटा आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, दुसऱ्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही. कामं जर ब्राउझर, टायपिंग आणि छपाई एवढीच असतील तर एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा. मराठी-कन्नड युनिकोड टायपिंग दोन्ही चालतं. फक्त शाळेच्या कामाला विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर किंवा नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली लागतात का, ते आधी बघून घ्या.

पत्रिकावाला

मंडळी, सॅटा एसएसडी आणि यूएएसपीची केस घेतली. आता सिस्टिम टाकायची पद्धत कुणी सांगेल का? दुकान बंद केल्यावर रात्री बसणार आहे.

मार्कंडेय_काठ

आधी आतल्या डिस्कवरच्या चालू कामांची प्रत तिसऱ्याच डिस्कवर घ्या. मग:

एसएसडी लावा, डिस्क युटिलिटी उघडा, "व्ह्यू" मधून "शो ऑल डिव्हायसेस". ही पायरी लोक विसरतात. डाव्या यादीत सगळ्यात वरची, मूळ डिस्क निवडायची, तिच्याखालचा व्हॉल्यूम नव्हे. इरेज करताना फॉरमॅट एपीएफएस आणि स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. तयार पोर्टेबल डिस्का एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, त्या तशाच ठेवून सिस्टिम बसत नाही.

मग बंद करून ऑप्शन-कमांड-आर दाबून चालू करा. इंटरनेटवरून रिकव्हरी येते आणि त्या मशीनला चालणारी सर्वांत नवी सिस्टिम देते. तुमच्या मॉडेलला ती माँटेरी. डाउनलोड बारा जीबीच्या आसपासचा आहे, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसू नका. कुठं बसवायची असं विचारेल तेव्हा एसएसडीचं नाव नीट वाचून निवडा.

बसल्यावर मायग्रेशन असिस्टंट विचारेल, आतल्या डिस्कवरून आणायचं का. हो म्हणा. फॉन्ट, सेटिंग सगळं येतं. फक्त जुन्या पत्रिकांच्या फोल्डरची खूण काढा, नाहीतर ५०० जीबी तिथंच भरेल. शेवटी सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये "स्टार्टअप डिस्क" म्हणून एसएसडी ठरवा, म्हणजे रोज ऑप्शन की दाबावी लागणार नाही.

फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या फायलींची जागा) आतल्या हार्ड डिस्कवर नाही ना, हेही बघा. मायग्रेशनमध्ये जुनी सेटिंग तशीच येते, आणि मग लोक म्हणतात फोटोशॉप काही सुधारला नाही.

वखार_निपाणी

मधीच घुसतोय, माफी असावी. तंबाखूच्या वखारीचा हिशोब टॅलीत आहे. डेटा बाहेरच्या एसएसडीवर ठेवून दिवसा वखारीत आणि रात्री घरी, अशी ने-आण केली तर चालेल काय ओ? आमचे सीए कोल्हापुरात, त्यांच्याकडंही तीच घेऊन जायची.

लोंढा_जंक्शन

चालेल, पण एक्सफॅटवर नको, एनटीएफएस करा. एक्सफॅटला जर्नल (लिखाणाची नोंदवही) नाही. लिहिता लिहिता केबल निघाली तर काय अर्धवट राहिलं याची नोंदच नसते. टॅली पूर्ण बंद केल्याशिवाय आणि "सेफली रिमूव्ह" केल्याशिवाय काढायची नाही. २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज १० बाहेरच्या डिस्कला आपणहून "क्विक रिमूव्हल" वर ठेवतं, म्हणजे लिखाण मधल्या कॅशमध्ये अडकवून ठेवत नाही. तरी उघडी कंपनी ती उघडी कंपनी.

आणि कोल्हापूरला मूळ डेटा नेऊ नका. बॅकअपची प्रत न्या.

वखार_निपाणी

मूळच नेतोय की आजवर. पेनड्राइव्हवर!

चिकोडी_एक्सप्रेस

देव आहे निपाणीत.

पत्रिकावाला

सिस्टिम बसली. सुरू होतंय लवकर, पण तुम्ही म्हणाला तसा चमत्कार नाही. डिस्कचा वेग मोजायचा प्रोग्रॅम टाकला तर वाचायला ४०, लिहायला ३६ एमबी. हार्ड डिस्कपेक्षाही कमी! केससोबत दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आली होती, आयमॅकला टाइप-सी नाही, म्हणून दुकानातली मोबाइलची केबल लावलीय.

लोंढा_जंक्शन

झालं निदान. मोबाइलच्या चार्जिंग केबलीत बहुतेक वेळा यूएसबी २ च्याच तारा असतात. ४० हा आकडाच ते सांगतो. ॲपल मेनू, अबाउट धिस मॅक, सिस्टिम रिपोर्ट, यूएसबी. तिथं डिस्कच्या नावासमोर ४८० मेगाबिट असेल. ३.० ची केबल लावली की ५ गिगाबिट दिसेल. मॅकचे पोर्ट निळे नसतात, म्हणून खात्री तिथंच करायची. केबलीच्या यूएसबी टोकात आत डोकावलं तर ३.० ला पुढं चार आणि मागं पाच, असे नऊ संपर्क दिसतात. २.० ला चारच.

पत्रिकावाला

खडेबाजारात मिळाली केबल. ४२० वाचायला, ३९० लिहायला. आता इलस्ट्रेटर उघडतो तेव्हा गिऱ्हाईक अजून चप्पल काढत असतं.

पण दोन नव्या कुरबुरी. एक, ब्लूटूथ माउस अडखळतोय. सरळ रेघ ओढताना मधीच थांबतो आणि उडी मारतो. बॅटरी नवी घातली. दोन, कधीकधी "सेव्ह ॲज" दाबलं की चार-पाच सेकंद सगळं थिजतं, आतून कुईंऽऽ असा आवाज येतो, मग खिडकी उघडते.

मार्कंडेय_काठ

माउसचं कारण केबलच आहे. यूएसबी ३ चा डेटा चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट पसरतो, आणि ब्लूटूथ, वायरलेस माउस, वायफाय सगळे त्याच पट्टीत. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. डिस्क आणि केबल कीबोर्ड-माउसच्या बाजूनं काढून दुसऱ्या अंगाला न्या, जाड शील्डची केबल वापरा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. मी पायाला चिकटवा म्हटलं होतं, ते माउसच्या विरुद्ध बाजूला चिकटवा.

कुईं आवाज आतल्या हार्ड डिस्कचा. ती झोपलेली असते. सेव्हची खिडकी सगळ्या डिस्का मोजायला जाते, ती जागी होऊन फेरे धरेपर्यंत तुम्ही थांबता. एनर्जी सेव्हरमध्ये "हार्ड डिस्क झोपवा" ची खूण काढा. किंवा काम नसताना डेस्कटॉपवरून ती इजेक्ट करून ठेवा, जुनी पत्रिका लागली की डिस्क युटिलिटीतून माउंट करा. स्पॉटलाइटच्या (मॅकची शोधायची सोय) प्रायव्हसी यादीतही तिला घाला, उगाच शोधसूची बनवत बसते.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

म्हणून म्हणत होतो आत बसवा.

पत्रिकावाला

बाजू बदलली, माउस सुधारला. इजेक्टही करून ठेवतोय.

अण्णा, लग्नसराई संपली की तुम्हीच या कटर घेऊन. काच फुटली तर चहा तुमच्याकडून. तोवर एक विचारतो: जुन्या पत्रिकांची आतली डिस्कही दहा वर्षांची झाली. ते सगळं आणखी एका एसएसडीवर घालून कपाटात ठेवू का?

मार्कंडेय_काठ

कपाटासाठी एसएसडी नको. विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू उतरतो. उद्योगाचं जे मानक आहे त्यात, घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावर ३० अंशात वर्षभर डेटा धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क त्याहून पुष्कळ टिकते, पण जपून ठेवायला साधी बाहेरची हार्ड डिस्कच स्वस्त आणि बरी. दोन घ्या, एक दुकानात, एक घरी. तिथं वेग कुणाला हवाय?

खानापूरचे_गुरुजी

आम्ही २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबी रॅमची पट्टी मागवली आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बेळगावला येणार. उद्यमबागवाल्यांना वेळ असेल तर कॅबिनेट घेऊन येऊ का?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

या की गुरुजी. तीनच्या आत या, मग माझी शिफ्ट. मॉनिटर आणू नका, माझ्याकडं आहे. कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या वायरींचा एक फोटो टाका तेवढा, सॅटा पिन नसली तर वायर आधी आणून ठेवतो.